किल्ली गेली शीळफाट्याला

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरात एकंदर सतरा किल्ल्या निघाल्या. चार स्वयंपाकघरातल्या खणात, सहा माझ्या टेबलात, एक शिवणाच्या डब्यात बटणांच्या सोबतीला आणि बाकीच्या आईच्या ट्रंकेत. त्यांपैकी एकीचेही कुलूप घरात नाही. सौभाग्यवतींनी त्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि विचारले, "अहो, ह्यांचं काय करायचं?"

"राहू देत," मी म्हणालो, "कधीतरी लागतील."

"कशाला?"

ह्या प्रश्नाला संसारी माणसाजवळ उत्तर नसते. पण ते असो. कुलपावाचून किल्ली हे दुःख किरकोळ आहे, वाचकहो. किल्लीवाचून कुलूप म्हणजे काय, हे मात्र मी त्याआधी पंधराच दिवस चांगले अनुभवले होते. तेव्हा ह्या अंकात इतरत्र तुम्ही कथा वाचा, भविष्य वाचा, चकल्या का बिघडतात तेही वाचा. मी आपला सायकलवर बसणाऱ्या माणसाने घराची किल्ली कुठे ठेवावी, एवढ्याच विषयावर चार शब्द सांगणार आहे. विषय लहान आहे हे मला कबूल आहे. किल्लीही लहानच असते.

आता साठी उलटलेल्या माणसाला सायकल कशाला, असे तुम्ही विचाराल. ती डॉक्टरांची कृपा. त्यांनी रक्तातली साखर पाहिली, माझे पोट पाहिले आणि "चाला नाहीतर सायकल चालवा," असे दोनच पर्याय दिले. चालण्यात मला वाटेत भेटणारे लोक थांबवतात. म्हणून मी सायकल पत्करली. दर रविवारी पहाटे डोंबिवलीहून निघावे, मानपाड्याला कल्याण–शीळ रस्ता गाठावा, काटई मागे टाकावे, निळजे आणि पलावाचे ते आभाळाला भिडलेले मनोरे पाहावेत, देसाईची खाडी ओलांडावी आणि शीळफाट्याला एक कटिंग चहा घेऊन परतावे, हा माझा नेम. जाऊन येऊन वीसेक किलोमीटर पडतात.

शीळफाटा काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे. मुंब्रा-ठाण्याकडून येणारा, पनवेलकडे जाणारा, महापेकडे उतरणारा आणि आमचा कल्याणचा असे रस्ते तिथे एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीत अवजड वाहनांची दाटी होते. नावात शीळ असली तरी कानी पडतात ते ट्रकांचे भोंगे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून जो २१ किलोमीटरचा बोगदा योजला आहे, ज्यातला सातेक किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो, त्याचे दुसरे तोंड ह्या शीळफाट्याशीच आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या कामाच्या डोक्यावर बसून मी रविवारी चहा पितो. तिथल्या चहाला चव असते ती बहुधा त्याचीच.

आमच्या वडिलांनाही सायकल होती. ते कल्याणच्या चाळीतून रोज सायकलने स्टेशनवर जात. पण किल्लीचा प्रश्न त्यांना कधी पडल्याचे मला आठवत नाही. एक तर चाळीतल्या खोलीला कुलूप लागे ते लग्नाकार्याला गावी जातानाच. एरवी कडी घातली की झाले. शेजारच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असत, त्याच आमचे कुलूप. आणि गावी जाताना लावलेल्या कुलपाची किल्ली वडील जानव्याला बांधत. ज्यांना जानवे नसे ते कमरेच्या करगोट्याला बांधत. बायका कनवटीला खोचत किंवा चांदीच्या छल्ल्यात अडकवून तो छल्ला कमरेला लावत. छल्ला म्हणजे दागिन्याचा दागिना आणि शिवाय घरात कारभार कोणाच्या हाती आहे त्याची जाहीर पाटी. मंडळी ट्रंका हरवून येत, मुले जत्रेत हरवत, पण किल्ली हरवल्याचे सहसा कानावर येत नसे.

आमच्या पिढीने चाळ सोडली, धोतर सोडले आणि दाराला लॅच बसवले. ह्या लॅचचे मूळ सातासमुद्रापलीकडचे. लायनस येल नावाच्या अमेरिकन कारागिराने १८६१ आणि १८६५ साली त्या जातीच्या कुलपांची पेटंटे घेतली. आत बारीक खिळ्यांची एक रांग असते. किल्लीच्या दातांनी ते खिळे नेमक्या उंचीवर उचलले गेले तरच आतले नळकांडे फिरते. एक दात केसभर वाकला की दार परके होते. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून देशी कुलपेही उत्तम होऊ लागली. पण जुन्या कडी-कोयंड्याचा एक गुण लॅचला नाही. कोयंड्याला कुलूप माणसाने हाताने लावावे लागे. लॅचचे दार वाऱ्याच्या झुळकीनेसुद्धा खट्‌कन बंद होते आणि मग किल्लीवाचून घरचा मालकही दाराबाहेरचा भिक्षेकरी ठरतो.

तेव्हा किल्ली जवळ हवीच. पण सायकलवर ती ठेवावी कुठे? मी वर्षभर प्रयोग केले. ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रयोग विजारीच्या खिशाचा. सायकलवर मांडी मिनिटाला साठ वेळा तरी वर येते आणि दर वेळी खिशातली किल्ली तिला एक टोचा देते. पंधरा दिवसांत खिशाला भोक पडले आणि मांडीवर चंद्रकोर उमटली. शिवाय खिशातल्या किल्लीचा खरा स्वभाव माणूस पडला म्हणजे कळतो. एकदा काटईपाशी रस्त्यावरच्या खडीवर माझे चाक घसरले आणि मी नेमका किल्लीच्याच कुशीवर पडलो. रस्त्याने खरचटवलेले चार दिवसांत बरे झाले. किल्लीने दिलेले पंधरा दिवस दुखत होते.

दुसरा प्रयोग सदऱ्याच्या वरच्या खिशाचा. चेन पडली म्हणून वाकलो, तर चेनीपाठोपाठ किल्लीही पडली. तिसऱ्या वेळी तिला मोबाइलच्या शेजारी ठेवली. दोघींचे पटले नाही. फोनच्या काचेवर अशी नागमोडी रेघ उमटली की मुलीने विचारले, "बाबा, हा कुठल्या नदीचा नकाशा?"

मग किल्ली गळ्यात घातली. गोफ लांब होता. हँडलवर ओणवे झाल्याबरोबर ती पुढे लोंबे आणि हेलकावे खाई. गळ्यात घंटा बैलाला शोभते. शिवाय पडताना असला गोफ हँडलला अडकला तर मानेला हिसका बसायचा, हे एका तरुण सायकलस्वाराने मला दाखवून दिले, तेव्हा तोही प्रकार सोडला. मोज्यात ठेवली तर घोट्याला लागते. चावी चावते ती अशी.

खोगिराखाली बांधायची छोटी पिशवी मिळते. ती सोयीची खरी. परंतु सायकल चोरीला गेली की सायकलीबरोबर घरही चोराच्या स्वाधीन. त्याच पिशवीत तुमच्या नावपत्त्याचे विजेचे बिल राहिले असेल, तर ती चोराला धाडलेली आमंत्रणपत्रिकाच समजा. हल्लीच्या तरुण मंडळींचे खास सदरे असतात, त्यांना पाठीवर तीन खिसे असतात. जावयाने मला तसा एक आणून दिला. पण त्या खिशातून केळे काढताना किल्ली बाहेर उडते, आणि पाठीमागे काय घडले हे पाठीला कधीच कळत नाही.

अखेर मी जी युक्ती काढली तिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला कड्याचे कुलूप आहे. ते उघडे असेपर्यंत त्याची किल्ली त्यातून निघतच नाही. कुलूप लावावे तेव्हाच ती हाती येते. मी म्हटले, जी किल्ली निघतच नाही, तिच्याच कडीत घराची किल्ली ओवली तर? ना खिसा, ना टोचणी, ना विसरण्याची भीती. मी तसे केले. दोन महिने निर्वेध गेले. चाकाच्या आऱ्यांना लागून मधूनमधून किणकिण होई, तेही मला मंजुळ वाटे.

गेल्या वर्षी दसरा झाल्यानंतरचा रविवार. सौभाग्यवती पुण्याला मुलीकडे गेल्या होत्या. घरात मी आणि माझी आई. आईचे वय चौऱ्याऐंशी. आदल्या पावसाळ्यात खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला कोणी हात दिल्याखेरीज पलंगावरून उठता येत नाही. ती साडेसातपर्यंत झोपते, हा माझा अनुभव. मी सव्वासहाला दार हळूच ओढून घेतले. आठच्या आत परत येऊ, हा हिशेब. तो हिशेब मी मनाशी केला होता. आईला विचारून केला नव्हता. एकट्या म्हाताऱ्या माणसाला असे कोंडून जाणे बरे नव्हे, हे कळायला फार अक्कल लागत नाही. परंतु नेम मोडवत नव्हता.

सात वाजून पाच मिनिटांनी शीळफाट्याला पोहोचलो. चहा सांगितला, सायकल उभी केली, मागचे कुलूप लावले, किल्ली काढली. हातात सायकलची किल्ली होती आणि तिच्याबरोबर उलगडून सरळ झालेली तारेची कडी. घराची किल्ली नव्हती.

रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आणि आऱ्यांच्या त्या मंजुळ किणकिणीने कडीचे तोंड हळूहळू उघडत गेले होते. आता मानपाड्यापासून फाट्यापर्यंत नऊ-दहा किलोमीटरमध्ये ती कुठेही पडलेली असू शकत होती. आणि दुसरी किल्ली पुण्यात, सौभाग्यवतींच्या पर्समध्ये.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो शेजाऱ्याचा. माझ्याही आला. समोरच्या बिऱ्हाडात एक तरुण जोडपे राहते. तीन वर्षे झाली. जिन्यात भेट झाली की आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू. मी फोन हातात घेतला आणि माझ्या लक्षात आले की त्या दोघांचा नंबर मजजवळ नाही. नंबर कसला, नावही मला पुरते ठाऊक नव्हते. दारावरच्या पाटीवर आडनाव वाचले होते तेवढेच. चाळीत पस्तीस बिऱ्हाडांची नावे, गावे आणि दुखणी मला पाठ होती.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना उठवले. त्यांनी समोरचे दार वाजवले. पाच मिनिटांनी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "काका, मी समोरची बोलतेय. आजी जाग्या झाल्यात. तुम्हाला हाका मारत होत्या. मी दाराशी बसलेय त्यांच्याशी बोलत. तुम्ही सावकाश या, घाई करू नका. रस्ता वाईट आहे."

मी सायकल हातात धरून फाट्यावरून परत चालू लागलो, नजर डांबरावर लावून. त्या सकाळी मी रस्त्यावर काय काय पाहिले! नट, बोल्ट, एक पोराची चप्पल, दुधाच्या पिशव्या, फुटलेल्या दिव्यांच्या काचा. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. आई तहानेली असेल, तिला उठून जायचे असेल, आपण उठावे असे तिला वाटले तर? ह्या शेवटच्या विचाराने माझे पाय लटपटू लागले.

देसाईच्या अलीकडे ट्रकांचे पंक्चर काढणाऱ्याचे एक खोपट आहे. मी वाकून चालताना पाहून आतून आवाज आला, "चाचा, चाबी ढूंढ रहे हो क्या?" त्याच्या फळीवर एक खिळा होता आणि खिळ्याला चार किल्ल्या. चौथी माझी. तासाभरापूर्वी माझी सायकल खड्ड्यात आपटली तेव्हा त्याला किणकिण ऐकू आली होती; त्याने हाक मारली, पण ट्रकांच्या भोंग्यांत ती मला पोहोचली नाही. "बाकीच्या तीन कुणाच्या?" मी विचारले. "सायकलवालों की," तो म्हणाला. "कभी तो आएंगे." मी पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. चाकातली हवा मात्र तपासून दिली.

घरी पोहोचायला पावणेनऊ झाले. जिना चढतानाच मला आईचा आवाज ऐकू आला. दाराच्या आतून ती मोठ्याने सांगत होती, "तांदूळ तीन दिवस भिजत घाल. पाणी रोज बदलायचं हो. आणि गूळ किसूनच घे, चिरून नाही." दाराबाहेर पायरीवर समोरची मुलगी मांडी घालून बसली होती आणि मांडीवरच्या कागदावर अनारशांची कृती उतरवून घेत होती. शेजारी दोन पेले होते. एकातला चहा तिने प्यायला होता. दुसरा भरलेला, बंद दाराशी ठेवला होता. तो बहुधा आईचा, निवून गेलेला.

मी दार उघडले. आई उशीला टेकून पडून होती. तिचे लुगडे ओले झाले होते. ती त्याबद्दल काही बोलली नाही, मीही बोललो नाही. ती मुलगी मात्र न सांगता आत आली, म्हणाली, "काका, तुम्ही चहा ठेवा," आणि खोलीचे दार लोटून घेतले.

पुढे आईला सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तुझे बाबा किल्ली जानव्याला बांधायचे. तू कशाला बांधलीस?"

"सायकलला."

"सायकलला घरी यायची काय निकड? ज्याला घरी यायचं असतं त्याच्या अंगाला बांधावी."

एवढे साधे. वर्षभराच्या माझ्या प्रयोगांत हेच राहून गेले होते. मी सोय शोधत होतो ती सायकलवर आणि कपड्यांवर. तेव्हा आता मी काय करतो ते सांगतो. ज्यांना पटेल त्यांनी करून पाहावे.

सौभाग्यवतींनी माझ्या अर्ध्या विजारीला आतल्या बाजूने, कमरेच्या पट्ट्याखाली, कुल्ल्याच्या मागच्या अंगाला दोन बोटे रुंदीचा एक चोरखिसा शिवून दिला आहे. तिथे मांडी हलत नाही आणि कुशीवर पडलो तरी हाडाखाली किल्ली येत नाही. किल्ली नाडीच्या तुकड्याने खिशाच्या शिवणीलाच बांधलेली असते, म्हणजे खिसा उलटा झाला तरी ती लोंबते, पडत नाही. ज्यांना शिवणकाम नको त्यांनी मोठी सेफ्टीपिन घ्यावी, किल्लीच्या भोकातून ओवावी आणि कमरेच्या पट्ट्याला आतून लावावी. बुटाच्या नाडीत ओवून वर दुहेरी गाठ मारली तरी चालते. किल्ली मात्र नाडीखाली सपाट दाबून बसवावी, लोंबती नको. घरची एकच किल्ली न्यावी. कपाटाच्या, ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा फिरवायला नेऊ नये. किल्लीला पत्त्याची चिठ्ठी कधीही लावू नये. सायकलीची किल्ली सायकलीपाशी राहू द्यावी, पण घराची तिच्या कडीत घालू नये. आणि निघताना, दार ओढण्याच्या आधी, किल्ली हाताने चाचपावी. डोळ्यांवर विसंबू नये.

परंतु ही सगळी झाली कपड्यांची व्यवस्था. खरी व्यवस्था निराळी आहे. आमच्या दाराची एक जादा किल्ली आता समोरच्या घरात खिळ्याला आहे आणि त्यांची आमच्याकडे. रविवारी मी निघतो तेव्हा आईला उठवून, विचारून निघतो, आणि समोरच्या घरी तसे सांगून जातो. त्या मुलीचे नाव मला आता ठाऊक आहे, तिच्या माहेरचे गाव ठाऊक आहे आणि तिच्या नवऱ्याला लसणाची शेव आवडते हेही ठाऊक आहे. चाळीत शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसत, तीच व्यवस्था. फक्त ती मिळवायला मला शीळफाट्यापर्यंत जाऊन किल्ली हरवावी लागली.

गेल्या दिवाळीत तिने अनारसे केले. पहिला घाणा तुपात पार विरघळला, दुसरा जमला. जाळी सुरेख पडली होती. ताट घेऊन ती आली तेव्हा आमच्या त्या सतरा किल्ल्या वर्तमानपत्रावर तशाच पसरलेल्या होत्या. आईने त्यांतली एक लांब दांड्याची काळपट किल्ली उचलली आणि तिला दाखवली.

"ही आमच्या कल्याणच्या खोलीची. चाळ पाडून किती वर्षं झाली."

"मग टाकायची का, आजी?" तिने विचारले.

"छे गं," आई म्हणाली, "आण इकडे," आणि तिने ती किल्ली उशाखाली ठेवली.

बाकीच्या सोळांचा निकाल सौभाग्यवती यंदाच्या साफसफाईत लावणार आहेत.